एकाच मात्रेची संधी: बालपणीच्या दुर्मीळ मेंदूविकारात जनुक-संपादनाचा विचार करताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सहा वर्षांच्या मुलीचे आहे. तिची आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले व काही बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणांनी घेतले गेले, तो भाग मात्र तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखक उपचार करणाऱ्या चमूत नव्हता. तिच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकरणासाठी जो सल्लागार गट बोलावला, त्याचा तो सदस्य होता.

मुलगी तीन महिन्यांची असताना तिचा एकच डोळा अधूनमधून थरथरू लागला आणि एका बाजूचा हात ताठ होऊ लागला. अपस्मार समजून औषधे सुरू झाली, पण झटका चालू असताना काढलेल्या ईईजीत (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात) अपस्माराच्या लहरी दिसल्या नाहीत. वर्षाची होता होता चित्र स्पष्ट झाले. कधी उजवी बाजू, कधी डावी, तर कधी दोन्ही बाजू लुळ्या पडत. हे लुळेपण कधी काही मिनिटे तर कधी काही दिवस टिके, आणि झोप लागली की नाहीसे होई. हा आजार म्हणजे 'अल्टरनेटिंग हेमिप्लेजिया ऑफ चाइल्डहूड', आलटून-पालटून बाजू बदलणारा बालपणीचा अर्धांगवायू. वैद्यकीय नोंदींत तो प्रथम १९७१ मध्ये आला. साधारण दहा लाखांत एका बालकाला तो होतो, आणि नावात फक्त अर्धांगवायू असला तरी स्नायूंचा पीळ, अपस्मार, तोल जाणे, बोलण्यातील व आकलनातील विलंब हे सारे त्यात येते.

घरातील दिनक्रम या आजाराने कसा घडवला होता, ते पहिल्याच भेटीत कळले. अंगावर पाणी पडणे हे झटक्याचे नेहमीचे निमित्त होते, म्हणून आई तिला टबात कधीच बसवत नसे. कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने आधी पाय, मग पाठ अशा क्रमाने अंग पुसून घेई. दोन्ही बाजूंचा झटका आला की गिळणे अवघड होई आणि तो झटका दोन-तीन दिवस चालला तर प्रश्न जेवणाचा असे. झोपेतून जाग आल्यावर दहा-वीस मिनिटे मुलगी पूर्ववत असते, मग लुळेपण परतते, हे पालकांच्या लक्षात आले होते. त्यामुळे अशा दिवसांत ती झोपली की वडील पातळ जेवण तयार ठेवून शेजारी बसत आणि डोळे उघडताच त्या अवधीत जेवढे जाईल तेवढे भरवत. ही गोष्ट येथे सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे पुढे उपचाराचे यश कशावरून मोजायचे, या वादात तीच निर्णायक ठरली.

दुसऱ्या वर्षी जनुकीय तपासणीत एटीपी१ए३ या जनुकात बदल सापडला. या आजाराशी या जनुकाचा संबंध २०१२ मध्ये उघड झाला असून सुमारे ७० टक्के रुग्णांत त्यातलाच बिघाड आढळतो. चेतापेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप या जनुकावरून बनतो. तो दर फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो, आणि चेतापेशी पुढच्या संदेशासाठी सज्ज होते ती त्यामुळेच. मुलीच्या बाबतीत ८१५व्या स्थानावरच्या जी-ए-जी या तीन अक्षरांतले पहिले अक्षर बदलून ए-ए-जी झाले होते, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आले होते. या बदलाला ई८१५के म्हणतात. वारंवार आढळणाऱ्या तीन बदलांपैकी तो एक, आणि सहसा सर्वांत तीव्र. आई-वडिलांच्या रक्तात तो नव्हता, म्हणजे तो मुलीतच नव्याने उद्भवला होता.

औषधोपचार म्हणजे फ्लुनारिझिन, अपस्माराची औषधे आणि मोठा झटका मोडण्यासाठी झोप आणणारे औषध. यांतले एकही मूळ बिघाडाला हात लावत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

२०२५ मध्ये दोन बातम्या थोड्याच अंतराने आल्या. मे महिन्यात फिलाडेल्फियातील बालरुग्णालयाच्या चमूने सीपीएस१ या विकराच्या (एन्झाइमच्या) अभावाने आजारी असलेल्या एका बाळासाठी सुमारे सहा महिन्यांत खास त्याच्यापुरते बेस एडिटिंगचे (डीएनएतले एकच अक्षर बदलण्याच्या पद्धतीचे) औषध तयार करून दिल्याचे प्रसिद्ध झाले. जुलैमध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात नेमका या मुलीचाच आजार होता. डी८०१एन आणि ई८१५के हे बदल असलेल्या उंदरांच्या मेंदूत प्राइम एडिटिंगने (डीएनएत हवी ती अक्षरे नव्याने लिहिण्याच्या पद्धतीने) दुरुस्ती केली, तेव्हा झटके कमी झाले, हालचाल व आकलन सुधारले आणि आयुष्य लक्षणीय वाढले, असा त्याचा निष्कर्ष होता.

पालक दोन्ही बातम्या छापून घेऊन आले. वडिलांचे म्हणणे सरळ होते: "त्या बाळाला सहा महिन्यांत औषध मिळाले. आमच्या मुलीचा बदल तर आधीच दुरुस्त करून दाखवला आहे. मग अडते कुठे?" नातेवाइकांच्या मदतीने काही निधीही उभा राहिला होता आणि एकाच रुग्णासाठीच्या चाचणीला परवानगी मिळते, हे त्यांना ठाऊक होते.

अडते कुठे, हाच सल्लागार गटासमोरचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर 'विज्ञान अजून कच्चे आहे' एवढ्यावर भागवणे अन्यायाचे झाले असते. विज्ञान बऱ्याच अंशी पक्के होते. अडचण अशी की मेंदूत संपादक, म्हणजे जनुकातली दुरुस्ती करणारी रचना, पोचवण्याचा आज हाताशी असलेला मार्ग एकदाच वापरता येतो.

पर्यायांचा विचार

आहे तो उपचार चालू ठेवून वाट पाहणे हा पहिला पर्याय वरकरणी निष्क्रिय दिसतो, पण त्याचीही किंमत असते, आणि ती आईने एका वाक्यात सांगितली: "थांबण्याचे परिणामही तिच्याच अंगावर निघतात ना?" दीर्घ झटक्यांनंतर काही मुलांची आधी मिळवलेली कौशल्ये मागे जातात. त्यामुळे थांबायचे ठरले तरी कशासाठी आणि किती काळ, हे लिहून ठेवले पाहिजे, असे गटाने आरंभीच मान्य केले.

जनुकाची निरोगी प्रत बाहेरून घालणे हा दुसरा पर्याय. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी २०१९ पासून हा मार्ग प्रत्यक्ष वापरात आहे. तेथे मूळ प्रथिन अपुरे पडते, म्हणून प्रत घातली की उणीव भरून निघते. या आजारात एक निरोगी प्रत मुलीजवळ आधीपासूनच आहे; बिघडलेल्या प्रतीवरून बनणारे प्रथिन मात्र नुसते निकामी न राहता पेशीच्या कामात अडथळाही आणते, असे मानण्यास आधार आहे. आणखी एक प्रत घातल्याने तो अडथळा हटत नाही. पर्याय सोडला गेला तो या कारणाने.

बिघडलेल्या प्रतीचाच आवाज बंद करणारे, कण्यातून पुन्हा पुन्हा देण्याचे अँटिसेन्स औषध हा तिसरा पर्याय होता. एका मुलीच्या बॅटन आजारासाठी (मेंदूची झीज करणाऱ्या आनुवंशिक विकारासाठी) २०१८ मध्ये असे औषध खास बनवून दिले गेले होते, म्हणजे वाट नवी नव्हती. नको वाटले तर थांबवता येते, हा त्याचा मोठा गुण. पण दोन प्रतींत फरक एकाच अक्षराचा असताना औषधाने बिघडलेली प्रत ओळखून निरोगी प्रतीला सोडून द्यावे, ही अपेक्षा कठीण आहे. आणि निरोगी प्रतही दबली तर पंपाची टंचाई वाढेल. शिवाय वेगळ्या जनुकासाठी दिलेल्या अशाच औषधात मुलांच्या मेंदूत पाणी साचल्याचा अनुभव गटातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढे ठेवला. पर्याय पूर्ण फेटाळला नाही, बाजूला ठेवला.

उरले संपादन. त्यातही दोन वाटा होत्या. बेस एडिटिंगमध्ये ए या अक्षराचे जी करता येते, आणि येथे नेमके तेच हवे होते. अडचण अक्षरांच्या शेजाराची आहे. ए-ए-जी मधला पहिला ए बदलला तर जी-ए-जी, म्हणजे मूळचे ग्लुटामिक आम्ल परत येते. पण ओघात शेजारचा दुसरा ए सुद्धा बदलला तर जी-जी-जी होते, आणि त्याचा अर्थ ग्लायसिन. एक बिघाड काढून दुसरा घातल्यासारखे ते होईल. प्राइम एडिटिंग हवे ते अक्षर आपल्या मार्गदर्शक आरएनएतून (डीएनएवरचे नेमके ठिकाण दाखवणाऱ्या रेणूतून) नक्कल करून लिहिते, त्यामुळे शेजाऱ्याला धक्का लागण्याची शक्यता कमी. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तोडावे लागत नाहीत, हे मात्र दोन्ही पद्धतींत समान. जुलैच्या निबंधात मानवी पेशींतले पाच प्रचलित बदल या दोन पद्धती मिळून ४३ ते ९० टक्के कार्यक्षमतेने दुरुस्त झाले होते. उंदरांत निवड प्राइम एडिटिंगची होती आणि मेंदूच्या बाह्यकात डीएनएची दुरुस्ती कमाल ४८ टक्के, तर आरएनएची (चालू जनुकावरून निघणाऱ्या नकलेची) कमाल ७३ टक्के होती. हे दोन आकडे वेगळे का, असे वडिलांनी विचारले. बाह्यकाचा नमुना सरसकट घेतला की त्यात आधारपेशीही येतात. हे जनुक प्रामुख्याने चेतापेशींतच चालते आणि वापरलेला वाहकही चेतापेशींत चांगला पोचतो, म्हणून जेथे जनुक बोलते तेथली दुरुस्ती आरएनएच्या आकड्यात अधिक दिसते.

तत्त्वतः निवड प्राइम एडिटिंगवर स्थिरावली. यावर फारसा मतभेद झाला नाही.

खरा मतभेद: कोणत्या वाहनाने आणि कधी

सीपीएस१च्या बाळाचे उदाहरण पालकांना सर्वांत आशादायक वाटत होते, म्हणून ते का लागू पडत नाही हे गटाने सर्वाधिक वेळ देऊन समजावले. त्या बाळाचा बिघाड यकृतात होता. चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेले औषध शिरेतून दिले की ते आपोआप बरेचसे यकृतात जाते, संपादक बनवणारा आरएनए काही दिवसांत विरघळून जातो, आणि हा कण पुन्हा देता येतो. डॉक्टरांनी आधी अगदी लहान मात्रा दिली, बाळाला ती सोसली हे पाहिले आणि मग मात्रा वाढवत एकूण तीन वेळा औषध दिले. पायरीपायरीने जाण्याची मुभा हे त्या प्रकरणाचे मर्म होते.

मेंदूसाठी ही मुभा आज नाही. उंदरांत वापरलेला वाहक म्हणजे एएव्ही९ हा निरुपद्रवी केलेला विषाणू. त्यात सुमारे ४.७ हजार अक्षरांएवढाच डीएनए मावतो आणि प्राइम एडिटर त्याहून मोठा असल्याने तो दोन विषाणूंत विभागावा लागतो. दोन्ही एकाच पेशीत शिरले तरच काम होते, म्हणून विषाणूंची एकूण संख्या वाढते. एकदा मात्रा दिली की शरीर या विषाणूविरुद्ध जोरदार प्रतिपिंडे तयार करते आणि दुसरी मात्रा निष्फळ, कदाचित धोकादायकही ठरते. चेतापेशी विभागत नसल्याने विषाणूने आणलेला डीएनए वर्षानुवर्षे आत राहू शकतो, म्हणजे काम संपल्यावरही संपादक बनतच राहतो. त्याचा मुख्य घटक मुळात जिवाणूचे प्रथिन आहे आणि अनेकांच्या शरीराची त्याच्याशी आधीच ओळख झालेली असते.

धोका केवळ कागदावरचा नव्हता. २०२२ मध्ये डुशेन स्नायूविकाराच्या एका २७ वर्षीय रुग्णासाठी खास बनवलेल्या क्रिस्पर (जनुकातले नेमके ठिकाण गाठणाऱ्या तंत्राच्या) उपचारात, मात्रा दिल्यावर आठ दिवसांनी रुग्णाचा मृत्यू झाला. तपासात कारण म्हणून पुढे आली ती विषाणूच्या मोठ्या मात्रेला उलटलेली तीव्र रोगप्रतिकारक प्रतिक्रिया, जनुकातला चुकीचा छेद नव्हे. रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींत आढळणाऱ्या मेंदूविकाराच्या एका जनुक-उपचार चाचणीत २०२४ च्या नोव्हेंबरात जास्त मात्रा मिळालेल्या एका रुग्णाचा अतिरेकी दाहामुळे मृत्यू झाला. दोन्हींत वाहक एएव्ही९च होता. शिवाय जुलैच्या प्रयोगात उंदरांना मात्रा दिली ती जन्मतः, थेट मेंदूच्या पोकळीत. सहा वर्षांच्या मुलीचा मेंदू उंदराच्या मेंदूच्या सुमारे तीन हजारपट वजनाचा, आणि त्याचा बराचसा विकास उरकलेला.

येथे गट दुभंगला. एका सदस्याचे मत होते की वय वाढते तसा लाभ घटेल, त्यामुळे प्रत्येक गेलेला महिना हा अदृश्य तोटाच आहे. रेट सिंड्रोमच्या प्रौढ उंदरांत जनुक पुन्हा चालू केल्यावर लक्षणे मागे फिरल्याचे २००७ मध्येच दिसले होते, त्यामुळे उशीर म्हणजे सर्व संपले असे नाही, हे दुसऱ्या बाजूचे उत्तर. पण तो आजार वेगळा, हेही खरे. माझे मत दुसऱ्या बाजूला होते, आणि त्याचे कारण वयापेक्षा मात्रेशी निगडित होते. मात्रा कमी पडली तर मुलगी आहे तशीच राहील आणि अंगात प्रतिपिंडे घेऊन पुढच्या प्रत्येक चाचणीला अपात्र ठरेल. पहिली मात्रा अंदाजाने ठरवणे म्हणजे तिच्या वाट्याची एकमेव संधी इतरांसाठी मोजमाप शोधण्यात खर्च करणे. असे करायचेच असेल, तर ते तिच्या लाभासाठी म्हणून करू नये.

पहिला निर्णय लेखी झाला: तूर्त मात्रा नाही, पण तयारी आजपासून. मात्रेचा विचार तीन अटी पूर्ण झाल्यावरच करायचा. दोन विषाणूंची जोडी मानवी मापाच्या मात्रेत मोठ्या प्राण्यांत सुरक्षित दिसली पाहिजे. मुलीच्या स्वतःच्या पेशींत लक्ष्याबाहेरील बदल तपासलेले असले पाहिजेत. आणि उपचारापूर्वीची सलग नोंद पुरेशा काळाची असली पाहिजे. नैतिकता समितीने चौथी अट जोडली, की औषध विकसित करणाऱ्यांशी संबंध नसलेला एक डॉक्टर मुलीच्या सुरक्षिततेकडे पाहील आणि थांबवण्याचा अधिकार त्याला असेल.

वडिलांना निर्णय पटला नाही. त्यांनी तो स्वीकारला, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

केलेल्या कृती

मुलीच्या त्वचेचा लहान नमुना घेऊन त्यातील पेशी मूलपेशींच्या अवस्थेत नेल्या आणि त्यांपासून चेतापेशी वाढवल्या. याला काही महिने लागले. लक्ष्याबाहेरील बदलांचा प्रश्न उंदरावर सोडवता येत नाही, कारण मार्गदर्शक आरएनए चुकून कोठे बसेल हे प्रत्येक प्रजातीच्या जनुकसंचावर अवलंबून असते. मानवी, आणि शक्य तर त्याच मुलीच्या पेशी लागतात. तिच्या पेशींत अपेक्षित दुरुस्ती झाली आणि पंपाचे काम सुधारले. त्याबरोबरच दुसऱ्या एका जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात, थोड्या पेशींत, अनपेक्षित बदल दिसला.

हा बदल निरुपद्रवी असण्याची शक्यता बरीच होती. तरीही पुढे जायचे का, यावर दोन बैठका झाल्या. प्रयोगशाळेचा कल 'स्वीकारार्ह' म्हणण्याकडे होता. मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हा बदल काढून टाकण्यास किती वेळ लागेल? मार्गदर्शक आरएनएची रचना थोडी बदलून पुन्हा तपासणी, म्हणजे आणखी काही महिने. मोठ्या प्राण्यांतील सुरक्षिततेची माहिती यायलाच तेवढा वेळ लागणार असल्याने रचना बदलण्याचे ठरले. घाई नसल्यामुळे हा निर्णय सोपा झाला. मात्रेची तारीख आधीच ठरलेली असती, तर तोच बदल बहुधा 'स्वीकारार्ह' ठरला असता.

एएव्ही९विरुद्धची प्रतिपिंडे तपासली. पातळी कमी आली, म्हणजे दार उघडे होते. पण हा विषाणू निसर्गातही असतो आणि संसर्गाने पातळी कधीही वाढू शकते, त्यामुळे ठरावीक अंतराने तपासणी चालू ठेवली. याच काळात तिच्या अपस्मारासाठी दुसऱ्या एका जनुक-उपचाराच्या चाचणीची माहिती कुटुंबाला कोणीतरी दिली होती. त्यातही एएव्हीच वापरला जाणार होता. तेथे नाव नोंदवले तर हे दार बंद होईल, हे कुटुंबाला वेळेवर सांगता आले.

सर्वांत कंटाळवाणे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम नोंदीचे होते. काय मोजायचे यावर प्रथम खडाजंगी झाली. डॉक्टरांना झटक्यांची संख्या आणि कालावधी हवा होता. पालकांना संख्येत फारसे स्वारस्य नव्हते. "हाताच्या लुळेपणाशी आम्ही जुळवून घेतले आहे," आई म्हणाली, "तिला गिळता येईना झाले की आम्ही घाबरतो." चालताना पडणे, सलग किती दिवस पोटभर जेवण गेले, श्वास अडखळला का, आणि अंघोळ जमली का, या चार गोष्टी त्यांच्या यादीत होत्या. अखेर दोन्ही नोंदी ठेवायच्या ठरल्या आणि मुख्य निकष म्हणून दोन्ही बाजूंच्या झटक्यांचे दिवस व त्या दिवसांतले गिळणे निवडले गेले. मोबाइलवरचे चित्रण ठरलेल्या नमुन्याने व्हायचे: दोन्ही हात चौकटीत, चेहरा उजेडात, मग नाव घेऊन हाक. चित्रण पाहून गुण देणाऱ्या व्यक्तीला तारीख दिसणार नाही, अशी व्यवस्था केली.

मुलीच्या स्वतःच्या संमतीचा प्रश्न राहिला होता. तिला मोजके शब्द बोलता येत, पण समजे त्याहून बरेच अधिक. त्वचेचा नमुना घेण्याआधी परिचारिकेने तीच क्रिया बाहुलीवर करून दाखवली आणि मुलीने हात मागे घेतला. त्या दिवशी नमुना घेतला नाही. पुढच्या भेटीत तिने हात पुढे केला. कायद्याने पालकांची सही पुरेशी होती. एक भेट वाया जाण्याचा खर्च गटाने योग्य मानला.

निष्पत्ती

हे लिहिताना मुलीला मात्रा दिलेली नाही. सुधारित रचनेत तो अनपेक्षित बदल दिसला नाही. सुरक्षिततेची पहिली अट अद्याप पूर्ण व्हायची आहे.

नोंदींतून जे निघाले त्याची अपेक्षा कोणीच केली नव्हती. औषधांत काहीही बदल नसताना मध्येच काही आठवडे असे गेले की दोन्ही बाजूंचा एकही झटका आला नाही. मुलगी अधिक स्थिर चालू लागली, दोन नवे शब्द बोलली. मग एका तापानंतर झटके पूर्वीसारखे परतले. या आजारात असे चढउतार होतात हे पुस्तकात लिहिलेले आहे, पण आपल्यासमोरच्या मुलीत ते तारखांसह पाहणे वेगळे. तो चांगला काळ सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात मात्रा दिली असती, तर डॉक्टर, पालक आणि वाचणारे सारेच तिला यश म्हणाले असते. आणि झटके परतल्यावर परिणाम ओसरला असे निदान झाले असते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, आणि त्यांवरून पुढच्या मुलांची मात्रा ठरली असती. एकाच रुग्णाच्या चाचणीत तुलना करायला दुसरे कोणी नसते. रुग्णाचा स्वतःचा भूतकाळच तुलनेचा गट असतो, आणि तो मागाहून गोळा करता येत नाही.

वडिलांचा कल या आलेखानंतर बदलला, असे म्हणावे लागेल. ते आता नोंदी स्वतः तपासतात. आईला मात्र आलेखापेक्षा वेगळीच गोष्ट उपयोगाची वाटली: गिळण्याच्या चित्रणांवरून गिळण्याच्या तज्ज्ञांनी भरवण्याची स्थिती आणि अन्नाची घनता बदलली, त्यामुळे दीर्घ झटक्यांतले जेवण पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले. जनुक-संपादनाच्या तयारीतून मिळालेला आजवरचा प्रत्यक्ष लाभ हा एवढाच आहे.

वेगळे काय करता आले असते

त्वचेचा नमुना आणि नोंदी यांसाठी २०२५ च्या बातम्यांची वाट पाहण्याची गरज नव्हती. निदान दुसऱ्या वर्षीच झाले होते. तेव्हापासून नोंद असती, तर तिसरी अट आज प्रश्नच राहिली नसती. ज्या दुर्मीळ विकारात नेमका जनुकीय बदल ठाऊक आहे, तेथे निदानाच्या दिवशीच प्रमाणित चित्रण शिकवणे अवघड नाही. खर्चही नगण्य आहे.

प्रतिपिंडांची तपासणी आणि इतर एएव्ही चाचण्यांविषयीचा इशारा पहिल्या भेटीतच द्यायला हवा होता. या कुटुंबाने तेथे नाव नोंदवले नव्हते, हा योगायोग. जेथे अशा चाचण्या एकमेकींचे दार बंद करतात, तेथे संमतिपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि तो 'भविष्यातील काही उपचारांवर परिणाम होऊ शकतो' अशा मोघम वाक्यात नको.

अटी लिहिल्या गेल्या, त्या पूर्ण होईनात तर काय, हे मात्र लिहिले नाही. मोठ्या प्राण्यांतील माहिती यायला दोन वर्षे लागली, तर तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल. औपचारिक मानवी चाचणी सुरू झाली आणि तिची वयोमर्यादा त्याहून खाली असली, तर एकाच रुग्णासाठीचा मार्ग पुन्हा उघडायचा का? अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ च्या नोव्हेंबरात अशा अतिदुर्मीळ, नेमके कारण ठाऊक असलेल्या आजारांसाठी वेगळ्या मान्यता-मार्गाची रूपरेषा मांडली, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला नाही. गटातील दोन सदस्यांना मुदत घालावीशी वाटते, दोघांना मुदतीमुळे पुन्हा घाई शिरेल अशी भीती वाटते.

पैशांचा हिशेबही उशिरा मांडला गेला. कुटुंबाने निधी जमवताना केवळ औषध बनवण्याचा खर्च धरला होता. जनुक-संपादनाच्या उपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा करावा, अशी अमेरिकी नियामकाची शिफारस आहे. म्हणजे मुलगी विशीत पोचेपर्यंत तपासण्या, प्रतिमाचित्रणे आणि दाह उद्भवल्यास अतिदक्षता उपचार. त्याची जबाबदारी संशोधन संस्थेची, रुग्णालयाची की कुटुंबाची, हे मात्रेआधी ठरायला हवे. नैतिकता समितीने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा वयोमर्यादेच्या मुद्द्याच्या वर ठेवला आहे, आणि तोवर कुटुंबाचा निधी स्वतंत्र खात्यात न वापरता ठेवण्यात आला आहे.